फेरनिवडणुकीआधी स्वपक्षाची परीक्षा

२८ जून २०२४ च्या सकाळी साडेसहा वाजता, म्हणजे अटलांटात आदल्या दिवसाची रात्र असताना, जो बायडेन आणि डोनाल्ड ट्रम्प यांची जाहीर वादचर्चा सुरू झाली आणि मी चहाचा कप घेऊन ती पाहायला बसलो. समोर प्रेक्षक नव्हते, एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याचा मायक्रोफोन बंद ठेवला जात होता, आणि पक्षांची उमेदवार ठरवणारी अधिवेशने व्हायच्या आत, इतक्या लवकर, अशी चर्चा पूर्वी कधी झालेली नव्हती. या अटी मुख्यतः बायडेन यांच्याच प्रचारयंत्रणेने मागून घेतल्या होत्या, आणि त्याआधी कित्येक दिवस ते कॅम्प डेव्हिडला मुक्काम ठोकून तयारी करत होते. तरीही पहिल्या पाव तासातच कर, कर्ज आणि आरोग्यसेवा यांविषयीच्या एका उत्तरात ते अडखळले, धागा हरवून थांबले आणि ‘आपण अखेर मेडिकेअरला हरवले’ असे बोलून गेले. मेडिकेअर म्हणजे वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, जिचे रक्षण हा डेमोक्रॅटिक पक्षाचा जुना अभिमान आहे. चर्चा संपायच्या आतच एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती न्यू जर्सीची मतदार आहे आणि तिने आजवर त्याच पक्षाला मत दिलेले आहे. ‘अरे, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?’ एवढेच ती म्हणाली. त्यानंतर चोविसाव्या दिवशी बायडेन यांनी उमेदवारी मागे घेतली.

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील गेल्या पन्नास वर्षांतल्या फेरनिवडणुकांकडे मी पुन्हा वळलो, आणि माझे मत असे झाले की विद्यमान राष्ट्राध्यक्षाच्या प्रचाराला सर्वांत मोठा अडथळा त्याच्या पदाचाच होतो. ते पद त्याला कवच देते, आणि त्या कवचामुळे त्याची उणीव मतदारांना, पक्षाला आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही वेळेत कळत नाही. म्हणून राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभा राहणार असेल, तेव्हा त्याच्या पक्षाने त्याला उमेदवारी बहाल करून मोकळे होऊ नये. इतर कोणत्याही इच्छुकाप्रमाणे त्याला स्वपक्षाच्या मतदारांपुढे उभे करावे, असे मला वाटते.

वरवर पाहता पदावर असलेल्याचे पारडे जडच दिसते. आपल्याकडे निवडणूक जाहीर होताच आचारसंहिता लागू होते, नव्या योजनांच्या घोषणा थांबतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षावर तसे बंधन नाही. १९३९ चा हॅच कायदा सरकारी कर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या राजकारणापासून दूर ठेवतो, पण राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना त्यातून वगळलेले आहे. ‘एअर फोर्स वन’ हे विमान प्रचारसभेसाठीही उडते आणि खर्चाचा एक मर्यादित हिस्सा तेवढा प्रचारसमिती भरून देते. देणगीदार आधीपासून ओळखीचे असतात, नाव घरोघरी पोहोचलेले असते. एवढे सगळे असूनही १९७६ पासून २०२४ पर्यंत जे नऊ विद्यमान राष्ट्राध्यक्ष पुन्हा मते मागायला उभे राहिले, त्यांपैकी रेगन, क्लिंटन, धाकटे बुश आणि ओबामा हे चौघे जिंकले, फोर्ड, कार्टर, थोरले बुश आणि २०२० चे ट्रम्प हे चौघे हरले, आणि एकाला वाटेतूनच परतावे लागले. (जेराल्ड फोर्ड तर त्यापूर्वी देशभरच्या मतदानातून निवडूनच आलेले नव्हते, पण व्हाइट हाउसमधून प्रचार करण्याच्या साऱ्या सोयी आणि अडचणी त्यांच्याही वाट्याला आल्या.) पारडे खरोखर जड असते तर हा हिशेब असा बरोबरीचा निघाला नसता.

कवच कसे उलटते याचे सर्वांत बोलके उदाहरण जिमी कार्टर यांचे आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासावर ताबा मिळवून तेथील लोकांना ओलीस धरण्यात आले. सुरुवातीला देश राष्ट्राध्यक्षाच्या पाठीशी उभा राहिला आणि कार्टर यांनी प्रचाराला बाहेर न पडता व्हाइट हाउसमध्येच राहून काम करण्याचा मार्ग धरला. तेथील गुलाबांच्या बागेवरून या पद्धतीला ‘रोझ गार्डन’ डावपेच म्हणतात. आयोवा राज्यात स्वपक्षातले आव्हानवीर एडवर्ड केनेडी यांच्याशी ठरलेल्या वादचर्चेतून त्यांनी याच कारणाने अंग काढून घेतले आणि जानेवारी १९८० मध्ये पक्षांतर्गत मतदानात ते राज्य मोठ्या फरकाने जिंकलेही. त्या दिवशी हा डाव यशस्वी ठरला असेच कुणीही म्हणाले असते. परंतु ज्या संकटाच्या नावाने आपण घरात बसलो आहोत ते संकट सुटेना, तेव्हा बाहेर पडायचे कोणत्या तोंडाने, हा पेच त्यातून उभा राहिला. २४ एप्रिलला ओलिसांच्या सुटकेसाठी आखलेली लष्करी मोहीम इराणच्या वाळवंटात फसली आणि आठ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठवड्याच्या आत कार्टर यांनी आता आपण प्रवासाला निघू शकतो असे जाहीर केले. संकट मिटले नव्हते, उलट चिघळले होते, आणि घरात बसण्याचे कारण मात्र संपल्याचे सांगितले जात होते. लोकांना हे विसंगत वाटले यात नवल नाही.

मतदानाचा दिवसही नेमका ४ नोव्हेंबरच आला. दूतावास ताब्यात गेल्याला त्या दिवशी बरोबर वर्ष होत होते, आणि आदल्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर त्या वर्षाची उजळणी चालली होती. कार्टर सिॲटलची शेवटची सभा आटोपून रात्रभर विमानप्रवास करून जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी मतदानाला पोहोचले. पराभव होणार हे त्यांच्याच सर्वेक्षणतज्ज्ञांनी वाटेत कळवले होते. गावातल्या जुन्या रेल्वे स्थानकापाशी, ज्यांच्यात ते लहानाचे मोठे झाले त्या लोकांपुढे बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि डोळे भरून आले. ते दृश्य पाहताना मला नेहमी असे वाटते, की या माणसाने हा प्रवास दहा महिने आधी, आयोवाच्या थंडीत, केनेडींच्या समोर उभे राहून सुरू केला असता तर कदाचित तो हरलाच असता, पण आपला देश आपल्याविषयी काय म्हणतो हे त्याला शेवटच्या रात्री विमानात कळले नसते.

व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षाला समोरासमोर खोडून काढणारे कुणी नसते, हा या साऱ्याचा गाभा आहे. तो खोलीत आला की सगळे उठून उभे राहतात, तो बोलतो तेव्हा मधे कुणी बोलत नाही, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा प्रत्येक कागद चार हातांनी गुळगुळीत केलेला असतो. याचा परिणाम पहिल्या वादचर्चेत हटकून दिसतो. ७ ऑक्टोबर १९८४ रोजी लुइव्हिलला रोनाल्ड रेगन आकडेवारीत गोंधळले आणि त्यांच्या वयाची, तेव्हा त्र्याहत्तर, उघड चर्चा झाली. २००४ मध्ये धाकट्या बुश यांच्या चेहऱ्यावरचा वैताग कॅमेऱ्याने टिपला. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी डेन्व्हरमध्ये बराक ओबामा मान खाली घालून टिपणे घेत राहिले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनी ती संध्याकाळ जिंकली. हे तिघेही पुढे सावरले, कारण त्यांच्यापुढे आणखी फेऱ्या होत्या आणि चूक दुरुस्त करण्याइतके त्राण होते. चार वर्षे वादाची सवय सुटलेल्या माणसाला एकदम देशासमोर उभे केले तर असेच होणार. तालमीत एखादा सहकारी प्रतिस्पर्ध्याचे सोंग घेतो खरा, पण आपल्या वरिष्ठाला तो किती जोरात चीत करणार?

अर्थव्यवस्थेच्या बाबतीत हे तुटलेपण अधिक महाग पडते. थोरल्या बुश यांचे १९९२ चे उदाहरण म्हणूनच मला फार शिकवणारे वाटते. आखाती युद्धानंतर १९९१ च्या आरंभी गॅलपच्या पाहणीत त्यांच्या कामाला ८९ टक्के लोकांनी पसंती दिली होती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना जेमतेम ३७ टक्के मते पडली. अधल्या मधल्या काळात मंदीने लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जून १९९२ मध्ये बेरोजगारी ७.८ टक्क्यांवर पोहोचली. राष्ट्राध्यक्षाभोवतीचे तज्ज्ञ मात्र अर्थव्यवस्था सावरते आहे असे सांगत होते, आणि मोठी खंत अशी की ते खरेच सांगत होते: मंदीच्या तारखा अधिकृतपणे ठरवणाऱ्या संस्थेने नंतर जाहीर केले की मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती. ही घोषणा झाली डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक हरून महिना उलटल्यावर. कागदावर मंदी संपली तरी गेलेली नोकरी परत मिळायला वेळ लागतो, आणि मतदार कागद पाहून मत देत नाही. रिचमंडच्या वादचर्चेत एका स्त्रीने तिन्ही उमेदवारांना (तिसरे अपक्ष रॉस पेरो) विचारले की देशाच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी पोहोचली. त्याच सुमारास बुश घड्याळाकडे पाहताना कॅमेऱ्यात सापडले, मग त्यांनी प्रश्न नीट समजला नाही असे प्रामाणिकपणे सांगितले, व्याजदरांविषयी काही बोलले. बिल क्लिंटन आसनावरून उठून तिच्याजवळ गेले आणि तुमच्या ओळखीच्या किती जणांची नोकरी गेली, असे त्यांनी तिलाच विचारले. बुश निष्ठुर नव्हते. अशा प्रश्नांची सवय मात्र त्यांना राहिलेली नव्हती.

बायडेन यांच्या काळात हीच गोष्ट महागाईच्या रूपाने पुन्हा घडली. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला आणि पुढे तो तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत खाली आला. प्रचारयंत्रणा ‘बायडेनॉमिक्स’ या शब्दाने त्याचे श्रेय घेऊ लागली. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव वाढण्याचा वेग तेवढा मंदावला. माझी बहीण फोनवर अंडी, घरभाडे आणि गाडीचा विमा यांविषयीच बोलत असे, वेगाविषयी कधीच नाही. जो आव्हान देतो तो या तक्रारीवर बोट ठेवून मोकळा होतो. पदावर असलेल्याला मात्र आधी तक्रार मान्य करावी लागते आणि मग आपले काम सांगावे लागते, हे दोन्ही एका वाक्यात बसवणे फार कठीण आहे, आणि ती कला स्वपक्षाच्या छोट्या सभांतून, नाराज लोकांशी बोलूनच अंगी येते.

यशस्वी फेरनिवडणुका कशा लढल्या गेल्या याचाही विचार केला पाहिजे. ओबामांच्या माणसांनी २०११ मध्येच व्हाइट हाउस सोडून शिकागोला कचेरी थाटली, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात, रॉम्नी यांना स्वतःची ओळख करून द्यायला सवड मिळण्यापूर्वीच, ओहायोसारख्या राज्यांत त्यांच्या गुंतवणूक कंपनीविषयीच्या जाहिरातींचा मारा केला. निवडणूक ही राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांवरचा कौल न राहता दोन माणसांतली निवड व्हावी, हे या डावपेचाचे सूत्र. २००४ मध्ये धाकट्या बुश यांनी जॉन केरी यांच्याबाबत हेच केले होते. प्रचारप्रमुखाच्या जागी मी असतो तर मीही हाच सल्ला दिला असता. तरी मतदार म्हणून पाहिले तर यात काहीतरी निसटते: ज्याच्या हाती चार वर्षे सत्ता होती त्याचा हिशेब मागायची एकमेव वेळ प्रतिस्पर्ध्याच्या दोषांवर बोलण्यात निघून जाते. आणि पुढच्या चार वर्षांत काय करणार, हे तर कित्येकदा विचारलेच जात नाही. २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा तयारच केला नाही, २०१६ चाच पुढे चालवला; दुसऱ्या कार्यकाळात काय कराल, या मित्रत्वाने विचारलेल्या प्रश्नालाही ट्रम्प यांना त्या जूनमध्ये धड उत्तर देता आले नाही. सर्वसाधारण निवडणुकीत ही उणीव झाकता येते. स्वपक्षातल्या स्पर्धेत ती झाकता येत नाही, कारण तेथे समोरचा माणूस बहुतेक मुद्द्यांवर तुमच्याशी सहमत असतो आणि तरीही विचारतो, की मग तुम्हीच कशाला?

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. ज्यांना स्वपक्षातून तगडे आव्हान मिळाले ते हरले आणि ज्यांना मिळाले नाही ते बहुधा जिंकले, हे इतिहासात स्पष्ट दिसते. फोर्ड यांना रेगन यांनी १९७६ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत झुंजवले आणि तेथे उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनी फोर्ड कसेबसे उमेदवार झाले. कार्टर यांना केनेडी यांनी, थोरल्या बुश यांना १९९२ मध्ये पॅट ब्यूकॅनन यांनी न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदानात, सुमारे ३७ टक्के मते घेऊन घायाळ केले. तेव्हा पक्षाने आपल्या राष्ट्राध्यक्षाला घरच्या भांडणापासून वाचवावे, असे पक्षातले जाणते लोक म्हणतात. मला हा कार्यकारणभाव उलटा लावलेला वाटतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडावा तसे हे आहे. राष्ट्राध्यक्ष दुबळा झालेला असतो म्हणून आव्हान उभे राहते. फोर्ड यांचे तर उदाहरण माझ्या बाजूने बोलते: उन्हाळ्यात पाहण्यांमध्ये ते कार्टर यांच्या तीसहून अधिक टक्क्यांनी मागे होते, आणि रेगन यांच्याशी झालेल्या त्या कडव्या झुंजीनंतरही, वादचर्चेचे आव्हान स्वतः देऊन, त्यांनी हे अंतर अखेरीस दोन टक्क्यांवर आणले. १९५२ मध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्ष ट्रूमन न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत हरले आणि मार्चअखेर बाजूला झाले. १९६८ मध्ये लिंडन जॉन्सन यांना त्याच राज्यात ४९ टक्के मते पडली, युजीन मॅकार्थी यांना ४२, आणि ३१ मार्चला त्यांनीही माघार घेतली. त्या दोन्ही वर्षी पक्ष पुढे हरला हे खरे, परंतु मतदारांचे म्हणणे निदान मार्चमध्ये ऐकू आले. २०२४ मध्ये ते जुलैत ऐकू आले, आणि बायडेन यांच्या जागी उमेदवार झालेल्या कमला हॅरिस यांच्या हाती १०७ दिवस उरले.

त्या वर्षी ऐकू येऊ नये अशीच व्यवस्था होती, हे मात्र मन विषण्ण करणारे आहे. बायडेन यांच्या वयाविषयीची चिंता त्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य मतदार २०२३ च्या पाहण्यांमध्ये बोलून दाखवत होते. तरी पक्षाने एकही वादचर्चा भरवली नाही. फ्लोरिडात पक्षाने एकच नाव पाठवले आणि तेथील प्रायमरीच झाली नाही. न्यू हॅम्पशरने पक्षाच्या वेळापत्रकाविरुद्ध मतदान घेतले म्हणून मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांचे नाव नव्हते. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले आणि त्यांना आव्हान देणारे मिनेसोटाचे डीन फिलिप्स यांना सुमारे वीस टक्के मते पडली. मिशिगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांनी, बहुतांशी गाझाच्या प्रश्नावरून, ‘कोणालाही बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. एवढे इशारे मिळूनही समोरासमोर प्रश्न विचारणारे कुणी राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचले नाही. आणि हा एकाच पक्षाचा दोष नाही. २०१९ मध्ये साऊथ कॅरोलिना, नेवाडा, ॲरिझोना आणि कॅन्सस येथल्या रिपब्लिकन शाखांनी ट्रम्प यांच्यासाठी पुढच्या वर्षीच्या पक्षांतर्गत निवडणुकाच रद्द केल्या होत्या.

यावर उपाय पक्षांच्या हातात आहे. वेळापत्रक मोडले म्हणून २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन या दोन मोठ्या राज्यांच्या प्रतिनिधींचा मताधिकार काढून घेण्यापर्यंत डेमोक्रॅटिक पक्ष गेला होता, मग तो पुढे तडजोडीने परत दिला ही गोष्ट वेगळी. जो पक्ष तारखेसाठी राज्याला शिक्षा करू शकतो, तो एवढे नक्की ठरवू शकतो, की विद्यमान राष्ट्राध्यक्षाला प्रतिनिधी मिळवायचे असतील तर निवडणुकीच्या आदल्या शरद ऋतूत, ठरावीक पाठिंबा असलेल्या आव्हानवीरांसोबत निदान दोन वादचर्चांना उभे राहावे लागेल, आणि कोणत्याही राज्य शाखेला प्रायमरी रद्द करता येणार नाही. २०२३ मध्ये ट्रम्प यांनी पक्षाच्या सगळ्या वादचर्चा टाळल्या आणि तरी उमेदवारी मिळवली, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच उपस्थिती ऐच्छिक ठेवून भागणार नाही, ती प्रतिनिधींशी जोडावी लागेल.

असा नियम करणे सत्तेवरच्या पक्षाला एरवी अशक्य असते, कारण तो आपल्याच नेत्याविरुद्ध केल्यासारखा दिसतो. या घडीला तशी अडचण नाही. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे दोनदा निवडून आलेल्याला पुन्हा निवडून येता येत नाही, म्हणजे २०२८ मध्ये ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवर असणार नाही, आणि या नियमाची पहिली झळ २०३२ मध्ये ज्याला बसेल तो माणूस अजून निवडूनही आलेला नाही. दोन्ही पक्षांच्या नियमसमित्यांनी २०२८ च्या अधिवेशनांपूर्वी हे काम हाती घ्यावे.